अकरा वेळा हो

गाडीला कुलूप लागण्याचा आवाज एकसंध नसतो. आधी एक कोरडी टिचकी, मग साधारण पाव सेकंदाने दुसरी, किंचित जड, चारही दारांतून एकदम आलेली. आणि गाडी जुनी असेल तर काचेच्या कडेच्या चार काळ्या खुंट्या त्याबरोबर सेंटिमीटरभर खाली जातात. इदालिना टोस्टेने हे शुक्रवारी दुपारी साडेतीनला पाहिलं, बाजाराच्या पार्किंगमधून चालताना. एका हातात पाव होता, दुसऱ्यात आईच्या इन्सुलिनच्या सुयांचं पाकीट. गाडीत एक अनोळखी बाई बसली होती. तिने इदालिनाकडे नीट पाहिलंही नसावं. शेजारून कुणी जाऊ लागलं की बोट आपोआप बटणावर जातं, तसं गेलं असेल. एवढंच. पण इदालिना तिथेच थांबली, दोन गाड्यांच्या मधल्या अरुंद जागेत, ऑगस्टच्या उन्हात, आणि तिला वाटलं की आता आपण एक पाऊल जरी टाकलं तर त्या बाईला ते काहीतरी कबूल केल्यासारखं दिसेल. ती मनात म्हणाली, हा संबंध तू जोडते आहेस, ती बाई नव्हे. सत्तेचाळीस वर्षांत असे हजारो आवाज कानांवरून गेले असतील आणि त्यातला एकही ऐकू आला नव्हता. जूनपासून मात्र प्रत्येक ऐकू येत होता. आज अठ्ठावन्नावा दिवस होता.

स्वतःच्या गाडीत बसल्यावर तिने काचा खाली केल्या. बदामाच्या बागांत झाडं हलवायची यंत्रं चालू झाली होती आणि गावभर ती बारीक पिवळी धूळ उतरली होती, डॅशबोर्डवर, जिभेवर, पावाच्या पिशवीवर. प्रयोगशाळेच्या वहीत घडी करून ठेवलेला कोर्टाचा अर्ज तिने काढला नाही. काढायची गरज नव्हती, तो पाठ झाला होता. नाव लिहून झालं होतं. खटल्याचा क्रमांक, शिक्षेची तारीख, गुन्ह्याचं कलम: कुलूपबंद गाडीत चोरीच्या इराद्याने शिरणे. त्याखाली चौदा ओळी कोऱ्या. तिथे अर्जदाराने शपथेवर लिहायचं होतं की तडजोडीने दिलेली कबुली चुकीची का होती. ते वाचून न्यायाधीश परवानगी देणार किंवा नाकारणार; परवानगीशिवाय अपील पुढे सरकत नाही. मुदत शिक्षेपासून साठ दिवस. साठावा दिवस रविवारी पडत होता, कोर्ट बंद, म्हणून सोमवार धरला जाईल, हे तिने दोन वेगवेगळ्या कारकुनांना दोन वेगवेगळ्या दिवशी विचारून घेतलं होतं. एका मोजमापावर विसंबायचं नाही ही एकवीस वर्षांची सवय. दूध संघाच्या प्रयोगशाळेत ती रोज तीनशे नमुने तपासते: स्निग्धांश, प्रथिनं, पेशींची संख्या. ज्या आकड्यावर तिची सही असते त्याच्याशी डेअरीवाले वाद घालत नाहीत. आणि वहीत चुकीचा आकडा पडलाच तर तो खोडायचा नसतो, त्यावर पांढरा रंग फासायचा नसतो. एकच सरळ रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि आपली आद्याक्षरं. पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. नव्या मुली लाजून पानच फाडायला बघतात.

सकाळी रोझाल्वाने, तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मेक्सिकन मैत्रिणीने, तिच्यासमोर नमुने तपासायच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा फॉर्म टाकला होता. "इदा, सही कर आणि दे. तुझ्या फॉर्मपायी माझा अडकलाय." नववा प्रश्न होता, गेल्या नूतनीकरणानंतर कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरला आहात काय. हो किंवा नाही. इदालिनाने फॉर्म उलटा करून ठेवला. "पेन बघतेय," ती म्हणाली. "कानाला लावलंयस ते काय, थर्मामीटर?" रोझाल्वा हसली, मग हसायची थांबली, कारण तिला माहीत होतं. प्रयोगशाळेत तिला एकटीलाच माहीत होतं. थोड्या वेळाने ती खुर्ची ओढत जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "हे बघ बाई, लिहून टाक हो म्हणून. किरकोळ आहे, तुरुंगवास नाही, दोन वर्षं प्रोबेशन. साहेब समजून घेतील. तू काय बँक लुटलीस?" "मी काहीच लुटलं नाही." "तेच म्हणतेय मी." "नाही, तू तेच म्हणत नाहीयेस," इदालिना म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजातल्या धारेचं तिलाच नवल वाटलं.

अपिलांचं काम करणाऱ्या वकीलबाईंनी फोनवर काहीही गोड करून सांगितलं नव्हतं. आवाजावरून वय झालेली बाई, मधूनमधून काहीतरी चावत होती. "अपील म्हणजे लोकांना वाटतं वरचं कोर्ट पाठ थोपटून घरी पाठवतं," त्या म्हणाल्या होत्या. "तसं नसतं, ताई. तुम्ही तडजोड केलीत. त्यांनी मोठे आरोप सोडले, तुम्ही लहान पत्करला. आता तुम्ही म्हणणार माझी कबुली खरी नव्हती, मला समजावून दिलीच नव्हती. समजा, मान्य झालं. मग तडजोडच राहत नाही. जे सोडलं होतं ते सगळं परत उभं राहतं. महागडं वाद्य होतं ना ते? म्हणजे मोठी चोरी. तुरुंग होऊ शकतो. आत्ता तुम्ही बाहेर आहात. हे ऐकलंत ना?" "ऐकलं." "तरी विचारते, काय चुकलं होतं कबुलीत?" इदालिना म्हणाली होती, "गाडीला कुलूप नव्हतं." पलीकडचं चावणं थांबलं. "आणि हे तुमच्या वकिलाला सांगितलंत?" "त्यांनी विचारलं नाही." "आणि जजने वाचून दाखवलं तेव्हा?" इदालिनाने फोन दुसऱ्या कानाला नेला होता. "बरं," त्या म्हणाल्या, "त्या चौदा ओळींत नेमकं हेच लिहायचं. अडचणीचं असेल तेच आधी."

अडचणीचं हे की तिने ऐकलं होतं. बुधवारची सकाळ, रविवार दुपारपासून अंगात तेच तुरुंगाचे नारिंगी कपडे, आणि सरकारने दिलेला तरुण वकील, ज्याच्याकडे तिच्यासाठी सात मिनिटं होती. भिंतीवरच्या घड्याळात तिने ती मोजली. आरोप नाकारत नाही म्हणा, आज संध्याकाळी घरी, तो म्हणाला. आई एकटी आहे म्हणालात ना? इन्सुलिन कोण देतं? मग उभं राहणं, आणि न्यायाधीशांचा सपाट, सवयीचा आवाज. आपले हक्क समजले का? हो. कुणी धमकी दिली का, नाही ना? हो, म्हणजे नाही, हो. वकिलांशी बोलायला पुरेसा वेळ मिळाला? हो. ती मोजत होती, भीती वाटली की ती मोजते. अकरा वेळा हो. आठवा प्रश्न आरोपाचा होता, आणि त्या वाक्याच्या मध्यावर, वाहत्या पाण्यात खडा दिसावा तसे ते शब्द आले: दारांना कुलूप असताना. तिने ते ओळखले. ते खोटे आहेत हे तिला त्याच क्षणी माहीत होतं. वाक्य संपलं, न्यायाधीशांनी मान वर केली, आणि ती हो म्हणाली. झोपेत नाही, इंग्रजी येत नाही म्हणून नाही. तिची इंग्रजी त्या वकिलापेक्षा बरी होती. मग का? अठ्ठावन्न दिवस ती या एका ‘हो’ची तपासणी करत होती आणि दर वेळी हाताला तीच जुनी वस्तू लागत होती: बापाचं स्वयंपाकघर, गोठ्याचा वास, आणि दारात उभा असलेला तपासनीस.

ती नऊ वर्षांची असताना ते पोर्तुगीज बोलणाऱ्या तेर्सेरा बेटावरून इथे आले. बाप दुसऱ्याच्या गाईंची धार काढायचा, आणि दर महिन्याला पांढऱ्या टोपीचा सरकारी तपासनीस गोठ्यात येऊन बोट दाखवत फिरायचा. बाप प्रत्येक बोटाला मान डोलवायचा. यस, यस. तपासनीस गेला की टेबलाशी बसून तो त्याची नक्कल करायचा, सगळे पोट धरधरून हसायचे. "काय म्हणाला तो, कळलं?" आई विचारायची. "कशाला कळायला हवं?" बाप म्हणायचा. "टोपीवाल्याला हो म्हणायचं, तो जातो. मग आपण आपलं करायचं." बेटावरून आलेले सगळे बाप असेच होते. तो बावळटपणा नव्हता, एक कसब होतं, टोपीखालचा माणूस लवकर घालवण्याचं. आणि ते उपयोगी पडलं होतं, चाळीस वर्षं. त्या कसबात एकच खोट होती: टोपीवाला ते हो लिहून घेतो हे त्यात धरलेलं नव्हतं.

फेस्ताच्या, म्हणजे बेटवाल्यांच्या जूनमधल्या सणाच्या दिवशी, त्यांच्या समाजाच्या हॉलच्या मागच्या मैदानात कुणी गाडीला कुलूप लावत नाही. आतमध्ये पवित्र आत्म्याच्या नावाने सोपाश वाढलं जातं, पुदिना घातलेला मांसाचा रस्सा पावावर ओतलेला, येईल त्याला, फुकट. आणि दोन-अडीच वाजता बायका उरलेली पातेली उचलून ज्यांच्या घरी म्हातारं, आजारी कुणी आहे त्यांच्या गाड्यांत नेऊन ठेवतात. गाडीवाला तेव्हा आत बँडसमोरच्या खुर्च्यांवर असतो. त्याला शोधत कोण बसणार? म्हणून दारं उघडी. कुलूप लावलेली गाडी दिसली तर बायका काचेवर बोटाने काहीबाही लिहून जातात. यंदा मात्र समितीने बाहेरून एक रखवालदार आणला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. इदालिनाने दोन्ही हातांनी गरम पातेलं धरून बेल्मीरो बोर्बाच्या लांबलचक जुन्या गाडीचं मागचं दार करंगळीने उघडलं होतं. करंगळीने. तो स्पर्श अजून बोटात होता, दाराच्या मुठीचा तापलेला पत्रा आणि दार सुटतानाचा तो हलका हिसका. बेल्मीरो तिचा पाद्रिन, बाप्तिस्म्याला तिला हातात धरणारा, बापाचा जन्माचा मित्र. तिने पातेलं खाली वर्तमानपत्रावर ठेवलं. आणि सीटवर, पेटीत, बापाचा बोंबार्दिनो होता, बँडमधलं ते मोठं पितळी वाद्य.

पेटी ओळखायला तिला वेळ लागला नाही. डाव्या कोपऱ्यावर चामड्याचा तुकडा, तो तिनेच लहानपणी चिकटवला होता. बाप बँडमध्ये बोंबार्दिनो वाजवायचा, वाजवून आला की ओठांवर गोल लाल वळ असायचा, आणि तो वळ घेऊनच तो तिच्या कपाळाचा मुका घ्यायचा. बाप गेल्यावर चौथ्या दिवशी बेल्मीरो वाद्य घेऊन गेला. दुरुस्तीला टाकतो म्हणाला. सहा वर्षं झाली. तिने कधी मागितलं नाही, त्याने कधी विषय काढला नाही. ती सीटवर बसली, पेटी मांडीवर घेतली, उघडली. आतल्या मखमलीला अजून तेलाचा आणि थुंकीचा वास होता. ती पेटी घेऊन जाणार होती का? हा प्रश्न तिने स्वतःला इतक्या वेळा, इतक्या तऱ्हांनी विचारला होता की उत्तराची जागाच झिजून गेली होती. कधी वाटायचं हो, उठून आपल्या गाडीकडे चालणारच होते. कधी वाटायचं, फक्त वास घेत होते. इरादा मोजायचं यंत्र नाही. जे मोजता येत नाही त्याबद्दल ती काही लिहिणार नव्हती. पण दार उघडं होतं, हे तिच्या करंगळीला माहीत होतं. रखवालदार ओरडला, पोलीस आला, आणि तिच्या तोंडून फक्त एवढंच निघालं, "हे माझ्या वडिलांचं आहे." अहवालात तेवढंच वाक्य आहे. पोलिसाच्या गाडीच्या बंद काचेतून तिने पुढचं पाहिलं, ऐकलं नाही. बेल्मीरो धावत आला, हात हलवत काहीतरी सांगू लागला, पोलिसाने वही काढून काही विचारलं, आणि बेल्मीरोची मान हलली. वर, खाली, वर, खाली, वर, खाली. ती मान तिने बापाच्या खांद्यांवर पाहिली होती. अहवालात पुढे होतं: मालकाच्या म्हणण्याप्रमाणे गाडी कुलूपबंद होती.

घरी पोचली तेव्हा बेल्मीरोची तीच गाडी दारात उभी होती. शुक्रवार. दर शुक्रवारी तो आपल्या परसातली कोबीची पानं घेऊन येतो आणि आईशी पत्त्यांचा, बिश्काचा डाव मांडतो. फेस्तानंतरच्या शुक्रवारीही आला होता, जणू काही झालंच नाही. सगळ्यात अवघड तेच होतं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. पहिल्याच दिवशी त्याने तिचं डोकं दोन्ही हातांत धरून सांगितलं होतं, "पोरी, मी माफ केलंय," आणि आई रडली होती, आणि इदालिनाने, बाराव्यांदा, मान डोलवली होती. स्वयंपाकघरात पंखा फिरत होता. आईने पत्ते छातीशी धरले होते. बाप्तिस्म्याच्या नात्याने ती दोघं एकमेकांना कोंपाद्र, कोमाद्र म्हणत. "कोंपाद्र, टाका आता. पत्ता टाकताय की अंडं घालताय?" "विचार करू दे, कोमाद्र. तुम्ही एक्का लपवलाय, मला दिसतंय." "चष्मा पुसा, मग दिसतंय म्हणा." इदालिना आत आली तसा तो ऐंशी वर्षांचा चेहरा उजळला. "आली बघ! ये, ये. तुझ्या आईने आज मला पार लुट—" त्याने जीभ चावली. पंखा फिरत राहिला. आईने घाईघाईने एक पत्ता टाकला, चुकीचा.

इदालिनाने पाव कट्ट्यावर ठेवला, सुया फ्रीजच्या वरच्या टोपलीत. हात धुतले. कोपरापासून, प्रयोगशाळेत धुतात तसे. मग खुर्ची ओढून त्या दोघांच्या मधल्या बाजूला बसली.

"पाद्रिन, फेस्ताच्या दिवशी तुमच्या गाडीला कुलूप होतं?"

"कुठल्या फेस्ताच्या?"

"यंदाच्या."

"कशाला तो विषय, इदा," आई म्हणाली. "झालं गेलं. कोंपाद्र जेवायला थांबतायत आज."

"कुलूप होतं?"

बेल्मीरो हातातले पत्ते बघू लागला. "फेस्ताला कोण कुलूप लावतो? मी काय येडा आहे? सोपाश कुठे ठेवतील मग लोक, माझ्या टोपीत?"

"मग पोलिसाला काय सांगितलंत?"

"काही सांगितलं नाही. तो विचारत होता, मी यस म्हणत होतो. मला वाटलं लवकर आटपेल, तुला सोडतील. तो भराभर बोलत होता गं. काय विचारलं ते—" त्याने हात हवेत फिरवला. "तुझा बाप असता तर त्यानेही हेच केलं असतं."

"हो. मीसुद्धा तेच केलं. जजसमोर."

"मग झालं तर! तू यस म्हणालीस, मी यस म्हणालो, तू घरी आलीस. आणि मी माफ केलंय की तुला. मनापासून केलंय. पाद्र्यालापण सांगितलंय."

"काय माफ केलंत?"

तो गोंधळला. त्याने आईकडे पाहिलं. आईने टेबलावरचं नसलेलं पीठ पुसायला सुरुवात केली.

"पेटी," तो अखेर म्हणाला. "तू पेटी नेत होतीस ना."

"नेत असेन," इदालिना म्हणाली. हे इतक्या सहज निघेल असं तिला वाटलं नव्हतं. "मला खरंच माहीत नाही, पाद्रिन. सहा वर्षं तुम्ही ती ठेवलीत, मी मागितली नाही, तुम्ही दिली नाहीत. त्याचं आपण नंतर बघू, आपल्यात बघू. त्यात तुम्ही मला माफ करा, मी तुम्हाला करीन. पण मी कुलूपबंद गाडीत शिरले नाही. कागदावर लिहिलंय की शिरले. आणि तिथे तुमचं नाव आहे."

"माझं नाव?" त्याने पत्ते खाली ठेवले, चित्रं वर. "मी कुठे सही केली नाही."

"सही लागत नाही. मान हलवलीत."

म्हाताऱ्याच्या गालाचे स्नायू हलले. बाहेर कुणाची तरी गाडी धूळ उडवत गेली. मग तो म्हणाला, आणि आवाज अगदी बारीक झाला होता, "मला बोलावतील? मी तिथे जाऊन सांगायचं, की पोलिसाला खोटं बोललो? या वयात? हॉलमधले लोक काय म्हणतील, इदा? चाळीस वर्षं समितीत आहे मी."

हेच होतं ते. अठ्ठावन्न दिवस चौदा ओळी कोऱ्या होत्या त्या तुरुंगाच्या भीतीने नव्हे. तुरुंग तिने तीन रात्री पाहिला होता; तिथे ऊन येत नाही आणि दिवा विझत नाही, पण माणूस तिथे मोजत मोजत राहू शकतो. ओळी कोऱ्या होत्या त्या या माणसामुळे, या लुळ्या पडलेल्या चेहऱ्यामुळे, जो तिला आत्ता दिसत होता आणि जो दिसणार हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खरं लिहायचं म्हणजे त्याच्या खोट्यावर रेघ मारायची, आणि रेघेखालचं सगळ्यांना वाचता येणार. ती वाट बघत होती की पाहिल्यावर आपल्याला दया येईल आणि आपण थांबू. दया आली. भरपूर आली. आणि तिच्या निश्चयाच्या शेजारी जाऊन बसली. एकीने दुसऱ्याला हलवलं नाही. याचं तिला आश्चर्य वाटलं, आणि थोडं हलकंही.

"बोलावतील की नाही माहीत नाही," ती म्हणाली. "बोलावलं तर मी तुम्हाला घेऊन जाईन. शेजारी बसेन. काय विचारतात ते आपल्या भाषेत सांगेन, हळू सांगेन. कळल्याशिवाय काही म्हणायचं नाही."

"आणि तुला परत आत टाकलं तर?" आई एकदम म्हणाली. तिचा हात थांबला होता. "ती वकीलबाई म्हणाली होती ना, हे मोडलं तर मोठं लावतील? मी ऐकलंय, फोनवर बोलत होतीस. माझं काय गं मग? कोण टोचेल मला?"

"रोझाल्वाला शिकवलंय मी. मागच्या आठवड्यात. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, येईल."

"मागच्या आठवड्यात?" आई तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे तू ठरवलंच होतंस."

इदालिनाने विचार केला. सुई कशी धरायची, पोटाची कुठली जागा, किती सेकंद दाबून ठेवायचं, हे सगळं तिने रोझाल्वाला संत्र्यावर दाखवलं होतं, दोनदा. आणि तेव्हाही स्वतःला सांगितलं होतं की हे असंच, लागलं तर असावं म्हणून. "हात ठरवत होते," ती म्हणाली. "तोंडाने म्हणाले नव्हते अजून."

बेल्मीरोने टेबलावरचे पत्ते गोळा करायला घेतले, एकेक, कडा जुळवत. त्याने वर न बघता विचारलं, "मग काय करणार आहेस, पोरी? सरळ सांग."

स्वयंपाकघरातल्या भाषेत त्या गोष्टीला शब्द नव्हता. बेटावरून आलेल्या कुणाला तो कधी लागला नव्हता. तिने तो इंग्रजीतला तसाच घेतला, आणि दोघांनाही नीट ऐकू जावा म्हणून सावकाश उच्चारला.

"सोमवारी सकाळी आठ वाजता कोर्टाची खिडकी उघडते," इदालिना म्हणाली. "मी तिथे उभी असेन. मी अपील करणार आहे."